सुरुवात केली आहे

दुपारचे दोन वाजले की माझे मालक माझे विद्यार्थी होत.

जालन्यात मोंढ्याच्या बाजूला, एका बियाण्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दोन ओळींत मांडलेल्या मशिनी, गॅलरीत पाण्याचा माठ, आणि कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे मखमली कापडाखाली झाकलेला एक नवाकोरा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी औरंगाबादहून डिप्लोमा करून घरी राजूरला आले होते आणि आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे काय असतं हे सांगता सांगता माझा दिवस जायचा. रोज एसटीनं जालना गाठायचं. चतुर्थीला परतीच्या गाडीत राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या लोकांची एवढी गर्दी व्हायची, की मी दूर्वांच्या जुड्यांमध्ये उभी राहून घरी जायची.

सकाळी मी आले की "नमस्कार सर" म्हणायची. ते खुर्चीतूनच मान हलवायचे, "बस बेटा." दुपारी मुलांच्या बॅचेस संपल्या की मात्र ते शर्टाची वरची गुंडी लावायचे, चष्मा पुसायचे आणि पार्टिशनच्या दारात उभे राहून विचारायचे, "मॅडम, येऊ?" मी 'बसा' म्हणेपर्यंत बसायचे नाहीत. सकाळी उशिरा आल्याबद्दल याच माणसानं मला चांगलं फैलावर घेतलेलं असायचं, आणि दुपारी तोच पाढा चुकलेल्या पोरासारखा मान खाली घालून माझ्यासमोर बसलेला. तीन वाजले की मॅडमची परत बेटा व्हायची. पन्नाशी ओलांडलेला माणूस. या दोन वागण्यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही.

त्यांचं बोलणंही असंच दुहेरी होतं. घरची भाषा उर्दू, बाजाराची मराठी, आणि जन्मभर टाइप केली ती सरकारी मराठी. ती त्यांच्या तोंडात अशी बसली होती, की "सदर पंखा बंद करण्यात यावा" असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. चहा आला की "चहा प्राप्त झाला." मुलं जिन्यात त्यांची नक्कल करायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा नक्कल चालू असताना ते खालून वर आले, थांबून ऐकलं, आणि म्हणाले, "'सदरहू' म्हणायचं होतं तिथं. बाकी बराबर."

शिकवताना ते मुलांच्या पाठीमागे डोळे मिटून उभे राहायचे. सगळ्या मशिनी एकदम खडखडत असताना त्यांना त्यातली एक वेगळी ऐकू यायची. "तिसऱ्या मशीनवर कोण आहे? उजवी करंगळी मागं राहून राह्यली तुझी." पोरगं बोटांकडे बघत बसायचं. कागदावर एकही चूक नसायची, पण करंगळी खरंच मागे पडत असायची. कागदावरची चूक तपासणं म्हणजे मेल्यावर नाडी बघणं, असं ते म्हणायचे.

अशा माणसाला कॉम्प्युटरची सी भाषा शिकायची होती. का, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मशीन माझ्या घरात आलीय. तिच्याशी बोलता येत न्हाई म्हणजे काय? पाहुणा आलाय आणि आपण मुक्यानं जेवायला वाढून राह्यलो."

आता हे सांगायला हवं, की त्यांना ते जमत नव्हतं. हुशार माणसं मला नंतर पुष्कळ भेटली, एकदा सांगितलं की पुढचं स्वतःच ओळखणारी. सर तसे नव्हते. सीमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, हे पचवायला त्यांना दोन आठवडे लागले. "शून्यावा माणूस कसा असंल, मॅडम?" शेवटी एकदा जिना चढून धापा टाकत आले आणि म्हणाले, "समजलं. आपण पहिल्या मजल्यावर. खालचं बियाण्याचं दुकान म्हणजे शून्य." त्या दिवशी त्यांना एवढा आनंद झाला, की खालच्या दुकानदारालाही जाऊन त्यांनी तो शून्य असल्याचं सांगितलं. तो बिचारा काही दिवस आमच्याशी बोलत नव्हता.

त्यांच्याकडे बुद्धीची झेप नव्हती. चिकाटी होती, आणि एक प्रश्न होता, 'असं का?' मी सांगायची, हे चिन्ह इथं द्यायचं. "का?" तसा नियम आहे. "नियम कशासाठी आहे?" मी म्हणायची, "सर, असंच असतं." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "मॅडम, असंच असतं, म्हणजे आपल्या दोघांना माहीत न्हाई."

मी सहा महिन्यांत सी शिकले होते आणि परीक्षेत पहिली आले होते. सरांच्या पहिल्या वर्षातच माझं शिकलेलं सगळं संपलं. मग मी रविवारी औरंगाबादला जाऊन माझ्या जुन्या शिक्षकांकडून पुस्तकं आणू लागले. शनिवारी सर विचारणार, रविवारी मी शोधणार, सोमवारी सांगणार. नाही सापडलं तर तसं सांगणार. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. "न्हाई सापडलं? मंग पुढच्या रविवारी."

त्यांच्या बायकोला मी चाची म्हणायची. त्या कधीकधी खिचडी आणि चिंचेच्या खट्ट्याचा डबा घेऊन स्वतः यायच्या, आणि डबा ठेवायच्या आधी पार्टिशनमध्ये डोकावून विचारायच्या, "मानी क्या?" म्हणजे मशीन कबूल झाली का. सर मान हलवून नाही म्हणायचे. "तो खाना खाओ पहले. भूके पेट कोई नहीं मानता." कित्येक वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर मी ऐकलं.

मुलांसाठीचा सीचा वर्ग मी घ्यायची आणि प्रमाणपत्रावर सही सरांची असायची. इथंच सगळं अडलं. बाकीचे वर्ग प्रमाणपत्रावर 'प्रावीण्य मिळविले आहे' असं छापायचे. सरांनी मजकूर लिहून छापखान्यात दिला, 'यांनी सी भाषा शिकण्यास सुरुवात केली आहे.' मला वाटलं गंमत करतात. छापून आलं तेव्हा कळलं.

अंबडकडचा भगवान नावाचा एक चांगला मुलगा ते प्रमाणपत्र घेऊन पुण्याला मुलाखतीला गेला. तिथले लोक हसले. परत आला तो वडिलांना घेऊनच.

"सर, तुम्ही पोराचं वाटोळं केलं," वडील म्हणाले. "सुरुवात केली म्हणून कोणी नोकरी देतंय का?"

"खोटं काय लिहिलंय त्यात?" सर शांतपणे म्हणाले. "पोरगा चांगला आहे. त्यानं सुरुवातच केलीय. मी पण सुरुवातच केलीय. मॅडमला विचारा."

"आम्हाला पोराला कामाला लावायचंय. साधू न्हाई करायचा!"

मी मध्ये पडले. प्रावीण्य नको तर 'ज्ञान प्राप्त केले आहे' असं लिहू म्हटलं. सरांनी दिवसभर विचार केला. संध्याकाळी जुनी प्रमाणपत्रं बाजूला ठेवून त्यांनी नवा मजकूर दिला, 'यांनी सी भाषा शिकण्यास चांगली सुरुवात केली आहे.' भगवानचे वडील हात जोडून निघून गेले. पुढं भगवानला नोकरी लागली, पण त्यानं प्रमाणपत्र दाखवलं की लपवलं ते कळलं नाही.

दोनेक वर्षांनी रस्त्याच्या पलीकडे काचेच्या दाराचा, थंडगार हवेचा एक क्लास निघाला. त्यावर मोठी पाटी होती, तीन महिन्यांत सहा भाषा. सर गॅलरीत उभे राहून ती पाटी वाचायचे. "सहा!" ते म्हणायचे. त्या आवाजात राग नसायचा, खरंच नवल असायचं. "मला तीन येतात, त्यात आयुष्य गेलं." आमची मुलं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. सरांचा मुलगा सलीम औरंगाबादला नोकरीला होता. तो आला की म्हणायचा, "अब्बा, टायपिंगचा जमाना गेला. जागा मोक्याची आहे, दुकान काढू." सर त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे आणि दोन वाजले की गुंडी लावून पार्टिशनपाशी येऊन उभे राहायचे.

कारण तोवर त्यांना मशीनशी काय बोलायचं ते सापडलं होतं.

त्यांना त्यांचा कान मशीनला द्यायचा होता. मुलगा टाइप करत असताना मशीननं ऐकावं, कुठलं बोट मागे पडतंय ते ओळखावं आणि सांगावं. "मी किती दिवस मागं उभा राहणार? गुडघे बोलून राह्यले आता." त्या प्रोग्रामचं नावच त्यांनी 'कान' ठेवलं. चुका मोजणारा पहिला कान वर्षभरात तयार झाला आणि सरांनी तो रद्द केला. चुका मोजणं म्हणजे तीच मेल्यावरची नाडी. त्यांना दोन अक्षरांमधला वेळ हवा होता. आणि तिथं असं निघालं, की आपला कॉम्प्युटर आतल्या आत जे घड्याळ चालवतो, ते एका सेकंदात जेमतेम अठरा टोले देतं. आळशी करंगळीचा उशीर दोन टोल्यांच्या मधे कुठं तरी हरवून जायचा.

"म्हणजे माझा कान मशीनपेक्षा बारीक आहे?" सरांना हे खरंच वाटेना.

घड्याळाचा वेग वाढवायचा तर भाषेच्या तळाशी उतरावं लागणार होतं, जिथं मीही कधी गेले नव्हते. पुढची दोन-तीन वर्षं आम्ही तिथंच होतो. मशीन बंद पडायची, आम्ही चालू करायचो. लिहायचं, बंद पडायची, का पडली ते शोधायचं. एकदाचा वेग वाढला, आणि त्याबरोबर कॉम्प्युटरचं तारीखवाराचं घड्याळही सुसाट सुटलं. जेवण करून येतो तर मशीन उद्यावर जाऊन पोचलेली. सर पोट धरून हसले. "मॅडम, आपण मागं आणि मशीन पुढं! थांब म्हणावं तिला, आम्ही येऊन राह्यलो." चाची आल्या, त्यांनी विचारलं, "मानी क्या?" सर म्हणाले, "इतनी मानी, के कल पे निकल गई."

एकदा मी त्यांच्या लिहिण्यावर बोट ठेवलं. त्यांनी प्रोग्रामभर जिथं तिथं 'दहा' हा आकडा लिहून ठेवला होता. मी म्हटलं, "सर, आकडा असा पेरून ठेवू नये. त्याला नाव द्यावं, एका जागी ठेवावा. उद्या बदलला तर?"

"बोटं दहाच असतात, मॅडम. वरून ठरून आलंय. बदलायचं काय त्यात?"

मी सोडून दिलं.

कान तयार झाला तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये फार मुलं उरली नव्हती. पण जी होती ती खूश होती, कारण कान सरांसारखाच बोलायचा. अक्षरं इंग्रजी पण बोली आपली. 'उजवी करंगळी आळशी आहे.' 'डावं मधलं बोट झोपलंय, उठवा.' मुलं हसत, पुन्हा टाइप करत.

आणि मग सुनंदा आली.

आष्टीहून आली होती. बी.ए. झालेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, आणि डावा हात ओढणीखाली. एका सरकारी कचेरीत तिला नोकरी लागली होती, पण ठरल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास झाली नाही तर ती जाणार होती. घरात आई आणि दोन लहान भावंडं.

"सर, मला आधीच सांगते," ती उभ्यानंच म्हणाली. "लई ठिकाणी न्हाई म्हणले." तिनं हात बाहेर काढला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मुळापासून नव्हती. "कडबाकुट्टीच्या मशीनीत गेली. शाळेत व्हते तव्हा."

सरांनी हात नीट पाहिला. मग विचारलं, "राह्यली किती?"

"आठ."

"मंग आठ शिकवू. बस."

पहिले काही आठवडे ती साध्या मशीनवर शिकली. करंगळीला आणि पहिल्या बोटाला दोघा गेलेल्यांचं काम वाटून द्यायचं होतं. ती सकाळची पहिली येई आणि मशीन दुसऱ्या कुणाला हवी असली तरच उठे. मग एका दुपारी, हात बसला म्हणून, सर कौतुकानं तिला आत घेऊन आले आणि कानापुढं बसवलं. स्वतः तिच्या मागे डोळे मिटून उभे राहिले. मी शेजारी होते.

तिनं ओळ टाइप केली. पडद्यावर आलं, 'डावं मधलं बोट झोपलंय, उठवा.'

तिनं पुढची ओळ टाइप केली. 'डावी अनामिका झोपलीय, उठवा.' त्याखाली पुन्हा, 'डावं मधलं बोट झोपलंय, उठवा.' ओळीमागून ओळ येत राहिली. खडखड थांबली म्हणून सरांनी डोळे उघडले.

सुनंदा रडत नव्हती. ती थोडी हसली आणि म्हणाली, "सर, झोपली न्हाईत ती. कव्हाच गेली."

सरांनी पुढं होऊन पडद्याचं बटण बंद केलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "बेटा, तू जरा बाहेर मशीनवर बस," ते म्हणाले. ती गेल्यावर ते तिच्या खुर्चीत बसले. 'मॅडम, येऊ?' विचारायचं त्या दिवशी राहिलं.

मी म्हटलं, "सर, दहाचे आठ करू. सुरुवातीला एक प्रश्न विचारू, कोणती बोटं आहेत, कोणती नाहीत. तसं उत्तर आलं की—"

"विचारायचं?"

"एकच प्रश्न."

"रोज? रोज सकाळी येऊन तिनं आधी त्या मशीनला सांगायचं, की माझी दोन बोटं न्हाईत?" त्यांनी मान हलवली. "न्हाई. विचारायचं न्हाई."

"मग मशीनला कळणार कसं?"

"मला कसं कळतं? मी कुठं विचारतो? मी ऐकतो. पहिल्या धड्याला कानानं तोंड उघडायचं न्हाई. नुसतं ऐकायचं. कोणत्या अक्षराला तिला किती वेळ लागतो, ते ठेवून घ्यायचं. मंग दुसऱ्या धड्यापासून तिची बरोबरी तिच्याशीच. दुसऱ्या कोणाशी न्हाई. बोटांची नावं काढूनच टाकू. नुसती अक्षरं."

आणि त्यांनी लिहायला घेतलं.

मी त्यांना किती वर्षं शिकवत होते! एकेक ओळ ते आधी ओठांनी पुटपुटायचे, मग कागदावर लिहायचे, मग पुस्तकाशी ताडून बघायचे आणि मग मशीनवर टाइप करायचे. त्या दुपारी पुस्तक कपाटातच राहिलं. ते लिहीत होते आणि मधेच माझ्याशी बोलतही होते, चाचीच्या गुडघ्याचं, खालच्या दुकानातल्या सरकीच्या वासाचं. जुन्या ओळी खोडताना हात अडखळत नव्हता. एके ठिकाणी चुकले. चूक मला दिसायच्या आधी त्यांना दिसली, स्वतःशीच हसले आणि मागे जाऊन सुधारली. मला सांगायचं काही उरलं नव्हतं. मी नुसती बघत होते. दहाचा आकडा त्या प्रोग्राममध्ये शेवटी कुठंच राहिला नाही, आणि आठचाही आला नाही.

चहाची वेळ टळून गेल्यावर त्यांनी सुनंदाला आत बोलावलं. तिनं टाइप केलं. पडदा गप्प होता. तिनं दुसरा धडा घेतला. बऱ्याच वेळानं एकच ओळ आली, 'आता ई जल्दी सापडतोय. चालू द्या.' इंग्रजी ई, म्हणजे तिच्या गेलेल्या मधल्या बोटाचं अक्षर.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग मान खाली घालून पुढं टाइप करायला लागली, आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले होते. पण हात थांबला नाही.

आम्ही दोघं गॅलरीत येऊन उभे राहिलो. खाली हमाल बियाण्याची पोती टेम्पोत भरत होते. मी म्हटलं, "सर, आज तुम्ही पुस्तक काढलंच नाही."

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

त्यांचे वडील कचेरीबाहेर उर्दूत अर्ज लिहून द्यायचे. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली आणि वडिलांचं काम गेलं. तेव्हा यांना मराठी टायपिंगला घातलं. "तोंडाला मराठी यायच्या आधी बोटांना आली. काय टाइप करतो, कळायचं न्हाई, पण चूक व्हायची न्हाई." शेजारच्या मशीनवर विठ्ठल नावाचा मुलगा बसायचा, तो दोस्त झाला. पुढं लग्नं झाली. विठ्ठलचं पहिलं मूल तापानं गेलं. हे भेटायला गेले. "त्याच्यासमोर बसलो. काय बोलावं? माझ्याजवळ कागदावरचीच मराठी. मी म्हटलं, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' त्यानं माझ्याकडं बघितलं फक्त. मला वाटलं, मी याला टाइप केलेला कागद दिला."

"मग?"

"मंग लई वर्षांनी त्याची बायको गेली. मी गेल्तो. तो अंगणात बसला होता, सकाळपासून पाणी पण घेतलं नव्हतं. मी म्हटलं, 'ऊठ विठ्ठल, दोन घास खाऊन घे. मी बसतो इथं तुझ्या जागी.' तो उठला, आत गेला, जेवला. मी तिथंच बसलो. घरी येताना वाटेत लक्षात आलं, की ते वाक्य मी जुळवलं नव्हतं. आपोआप आल्तं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "त्या दिवशी मला मराठी आली, मॅडम. मधे किती वर्षं गेली, मोजली न्हाईत."

खालचा टेम्पो निघून गेला. आतून सुनंदाच्या टायपिंगचा आवाज येत होता, एकसारखा.

"आज पण जुळवलं न्हाई," सर म्हणाले.

तीन कधीच वाजून गेले होते, तरी ते मला मॅडमच म्हणत होते.

सुनंदा दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली, मुदतीच्या आत. पेढे घेऊन आली आणि सरांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिचे दोन्ही हात धरून वर उचलले आणि काही वेळ तसेच धरून ठेवले. पुढं नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांवर कान चालेना. आतलं घड्याळ असं हाताळू देणं त्या मशिनींना मंजूर नव्हतं. मला वाईट वाटलं, सरांना फारसं नाही. म्हणाले, "ज्याला ऐकायचं होतं त्यानं ऐकलं." माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या माणसानं मला जे खोलातलं विचारलं, ते सगळं सरांनी मला कधी ना कधी विचारून झालेलं होतं. तीच नोकरी मी पुढं कित्येक वर्षं केली. त्या कामात नव्या नव्या भाषा आल्या, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं की ही तर आठ दिवसांत येते.

मधे सरांना लकवा मारल्याचं सलीमनं फोन करून कळवलं. मी राजूरला गेले तेव्हा वाटेत जालन्याला उतरले. इन्स्टिट्यूटच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. घर मागच्या गल्लीत. चाचींनी दार उघडलं आणि आत न्यायच्या आधी दारातच माझा हात धरला.

"एक बात सुन बेटी. जबान तो आ गई वापस, पर मराठी नहीं आई. पूरी धुल गई. डॉक्टर बोलते, ऐसा होता. बाद में सीखी हुई पहले जाती."

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित. मी आत गेले तसा त्यांचा चेहरा उजळला, म्हणजे ओळखलं होतं. मी सवयीनं मराठीत बोलायला लागले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, लक्ष देऊन, पण डोळ्यांत काही उमटत नव्हतं. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेला होता. त्यातलं काय उरलं, काय गेलं, ते मी विचारलं नाही. मी परीक्षा घ्यायला आले नव्हते.

चाचींनी चहा आणला. मला काहीतरी बोलायचं होतं, त्यांच्या भाषेत. जालन्याच्या बाजारात उर्दू शब्द कानांवरून जातात, त्यातलाच एक मी उचलला. पलंगाजवळ वाकून म्हटलं, "सर, सब खैरियत?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ख़ैरियत," ते म्हणाले. आवाज जड होता, पण अक्षर अगदी स्वच्छ. खडूतला ख नव्हता तो, घशाच्या आतून आलेला होता.

"खैरियत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि पुन्हा म्हणाले, सावकाश, मला ऐकू जावं म्हणून डोळे माझ्यावर लावून. मी पुन्हा म्हटलं. मला वाटलं, आता आलं.

"कच्चा है," सर म्हणाले. "फिर से."

"छोड़ो जी," चाची म्हणाल्या, "बच्ची इतने दूर से आई, चाय तो पीने दो उसको."

त्यांनी चाचींना हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी कप खाली ठेवला, आणि पुन्हा म्हटलं.